निकालानंतरची आई

मोठ्या शहरांतल्या कुटुंब न्यायालयांत मुलांच्या भेटीसाठी वेगळी खोली असते. भिंतीवर कार्टूनची चित्रं, कोपऱ्यात प्लॅस्टिकची घसरगुंडी, चाकं निखळलेल्या गाड्यांची एक टोपली. तिथल्या शनिवारच्या भेटी साधारण एकाच वळणाने जातात. आई ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसलेली असते. हातात डबा, पिशवीत नवा शर्ट, नजर दाराकडे. मूल आत्याचा नाहीतर आजीचा हात धरून येतं. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली जाते, सह्या होतात. आई पुढे होते आणि मूल आत्याच्या ओढणीमागे सरकतं. मग डब्याचं झाकण उघडलं जातं: ‘बघ, तुझ्या आवडीच्या गुळपोळ्या.’ मूल मान हलवतं. त्याला आता गुळपोळ्या आवडत नसतात, किंवा आवडत असतात पण आत्याच्या देखत खायच्या नसतात. दोन तास असेच सरतात, पुन्हा सह्या होतात आणि भेट पार पडल्याची नोंद होते. भेट झाली हे खरं. आई आणि मूल मात्र एकमेकांपर्यंत पोचलेले नसतात.

कायद्याच्या भाषेत ही ‘ताबा नसलेली आई’. कोर्टाच्या आवारात सगळ्यांच्या तोंडी शब्द असतो ‘ॲक्सेस’: ॲक्सेस मिळाला, या वेळचा ॲक्सेस चुकला, ओव्हरनाइट ॲक्सेससाठी अर्ज टाकलाय. नात्यांना वाहिलेल्या अंकात या नात्याचा विचार व्हायलाच हवा, कारण आपल्याकडे त्याच्याबद्दल बोलायचीही पद्धत नाही. मुलाचा ताबा कोणाकडे द्यायचा हे ठरवण्यात न्यायाधीश, वकील आणि दोन्हीकडचे नातेवाईक वर्षानुवर्षं घालवतात. निकाल लागला की सगळे आपापल्या घरी जातात. जिच्याकडे मूल राहिलं नाही, त्या आईचं खरं काम त्याच दिवशी सुरू होतं, आणि त्या कामाला तिच्या सोबतीला कोणी नसतं. आदेशाने तिला तास मिळतात. त्या तासांतून नातं उभं करायला शिकवणारं, धीर देणारं, मध्ये उभं राहणारं माणूस लागतं. आपली व्यवस्था आपली सगळी ताकद निकालाआधी खर्चून टाकते. आधाराची खरी गरज निकालानंतर असते, असं माझं म्हणणं आहे.

मूल आईकडून जातं कसं

‘कोर्टात मूल आईलाच मिळतं’ ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. अगदी लहान मुलांपुरती ती बरीचशी खरी आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ याच्या कलम ६ नुसार पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ स्पष्ट केला: इतक्या लहान मुलाची आई अपात्र आहे हे बापाने दाखवायचं, आपण पात्र आहोत हे आईने सिद्ध करत बसायचं नाही. पण याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई असा क्रम आहे. बाप हयात असतानाही आई पालक म्हणून सही करू शकते, हे मान्य करून घ्यायला लेखिका गीता हरिहरन यांना रिझर्व्ह बँकेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. तो निकाल १९९९चा. म्हणजे मुलाच्या कागदावर आईच्या सहीला पूर्ण वजन येऊन अजून तीस वर्षंही झालेली नाहीत.

शिवाय पुष्कळ मुलं कोर्टाची पायरी चढायच्या आधीच आईपासून तुटलेली असतात. मार खाऊन रात्री घराबाहेर पडणारी बाई झोपलेलं मूल उचलून नेऊ शकत नाही. सकाळी परत आली तर ‘तू खुशाल जा, पोरगं आमचं आहे’ असं ऐकवलं जातं. माहेरचे म्हणतात, तुला ठेवून घेऊ, पण पोराच्या शाळेचं, दवाखान्याचं आम्हाला झेपणार नाही. ती काम शोधते, खोली शोधते, वकील शोधते. यात वर्ष-दीड वर्ष निघून जातं. तोवर मुलाचं नाव सासरच्या गावातल्या शाळेत घातलेलं असतं, आजीच्या हातचं जेवण अंगवळणी पडलेलं असतं. पालक व पाल्य कायदा हा १८९०चा जुना कायदा असो की १९५६चा, दोन्हींत मुलाचं कल्याण सर्वांत वर मानलेलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण व्यवहारात ‘मूल इथे रुळलंय’ हा कल्याणाचा सर्वांत सोपा पुरावा ठरतो. मग ज्याने मूल धरून ठेवलं त्याच्या बाजूने काळच साक्ष देतो. घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २१ मध्ये पीडित स्त्रीला मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, २००६ पासून ही सोय आहे. पण तिचा खरा उपयोग व्हायचा तर ती पहिल्याच आठवड्यात वापरावी लागते, आणि त्या आठवड्यात या बाईला हे कलम सांगणारं जवळ कोणी असेलच असं नाही.

दुसरी वाट पुनर्विवाहाची. विधवेच्या लग्नाला कायद्याची मान्यता देणाऱ्या १८५६च्या कायद्यात तिसरं कलम होतं: विधवेने दुसरं लग्न केलं, तर मृत नवऱ्याचे आईवडील किंवा पुरुष नातेवाईक तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमा असा अर्ज कोर्टात करू शकत. ज्या सुधारणेने तिला नवा संसार दिला, तिच्यातच मूल जाण्याची तरतूद होती. कायदा १९८३ साली रद्द झाला. रिवाज मात्र टिकून आहे. आजही विधवेचं किंवा घटस्फोटितेचं लग्न जमवताना मध्यस्थ पहिल्या बैठकीत सांगून टाकतो की मूल आजी-आजोबांकडे राहील. मुलगी मान खाली घालून हो म्हणते, कारण नाही म्हणायची सोय त्या बैठकीत नसते. इथे कोर्ट नाही, आदेश नाही, म्हणून भेटीचे तासही नाहीत.

तिसरी वाट आजाराची. बाळंतपणानंतर आलेलं तीव्र नैराश्य किंवा भ्रम बहुतेक वेळा उपचारांनी बरे होतात. घरचे मात्र बाईला माहेरी पाठवतात, बाळ ठेवून घेतात, आणि पुढे गोळ्यांची चिठ्ठी कोर्टात पुरावा म्हणून दाखल होते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ म्हणतो की उपचार घेणाऱ्या स्त्रीचं तीन वर्षांखालचं मूल तिच्यापासून सामान्यतः वेगळं करू नये, आणि आजार आहे एवढ्यावरून माणूस वेडा ठरत नाही. कायद्यातली ही समज घरातल्या बैठकीपर्यंत अजून पोचलेली नाही.

‘तिनंच काहीतरी केलं असणार’

बापापासून मूल वेगळं राहत असेल तर आजूबाजूचे लोक हळहळतात आणि विसरून जातात. आईपासून मूल वेगळं राहत असेल तर शोध सुरू होतो. व्यसनी असेल, बाहेरचं काही असेल, पैशासाठी सोडलं असेल. मूल सोडून गेलेली आई ही आपल्या गोष्टींतली सर्वांत काळी बाई. म्हणून या बायका बोलत नाहीत. नव्या नोकरीच्या जागी सांगतात की मुलगा हॉस्टेलला आहे. हळदीकुंकवाला जायचं टाळतात, कारण तिथे दुसराच प्रश्न ‘मुलं किती?’ हा असतो. अमेरिकेतल्या अभ्यासक पॉलिन बॉस यांनी माणूस हयात असूनही आपल्यापाशी नसण्याच्या दुःखाचा आयुष्यभर अभ्यास केला. या दुःखाला शेवट नसतो आणि समाज त्याला दुःख म्हणून ओळखत नाही, म्हणून ते गोठून राहतं, हे त्यांचं निरीक्षण. आपल्याकडे माणूस गेला तर दहा दिवस घरात लोक असतात, शेजारी पिठलं-भात आणून देतात. मूल दुसऱ्या घरी गेलेल्या बाईकडे कोणी पिठलं-भात घेऊन येत नाही.

हा केवळ मनाला लागण्याचा प्रश्न नाही. त्याचा थेट परिणाम भेटीवर होतो. लाजेने पिचलेली आई दोनांपैकी एक चूक करते. एक तर ती दोन तासांत दोन वर्षांची भरपाई करू पाहते: महागडी खेळणी, न थांबणारे पापे, डोळ्यांत पाणी. त्या वजनाखाली मूल गुदमरतं. नाहीतर ती हळूहळू यायची थांबते. दर वेळी मुलाने तोंड फिरवलेलं पाहवत नाही, रजा मिळत नाही, बसभाडं परवडत नाही, आणि ‘आपण नसलेलंच त्याच्यासाठी बरं’ असं ती स्वतःला समजावते. मग तिच्या न येण्याचीच तक्रार कोर्टापुढे मांडली जाते. म्हणून या बाईला मूल भेटवण्याआधी तिच्या अपराधभावाशी बोलणारं कोणीतरी हवं. बायको म्हणून ती कशी होती आणि आई म्हणून कशी आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात हे वेगळेपण स्पष्ट शब्दांत मांडलं: व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, ताबा नाकारण्याचं नाही. न्यायालयाला जे कळलं ते चाळीतल्या, वाड्यातल्या, सोसायटीतल्या आपल्यासारख्यांनाही कळायला हवं, कारण मुलाच्या कानावर आईबद्दल जे पडतं ते आपल्याच तोंडून पडतं.

मूल तोंड फिरवतं तेव्हा

भेटीत मुलाने आईकडे पाठ फिरवली की दोन्ही बाजू घाईने अर्थ लावतात. बापाकडचे म्हणतात, बघा, त्यालाच नकोय. आईकडचे म्हणतात, बघा, पढवून आणलंय. दोन्ही कधीकधी खरं असतं. पण तिसरी शक्यता फार जुनी आणि नीट पाहिलेली आहे. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक चित्रफीत केली: दोन वर्षांची मुलगी आठ दिवस रुग्णालयात, आईपासून दूर. त्या काळी मुलांच्या वॉर्डात आईबापांना फारसं येऊ देत नसत. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी अशा मुलांमध्ये एक क्रम पाहिला: आधी आक्रोश, मग हताश शांतता, आणि शेवटी अलिप्तपणा. शेवटच्या टप्प्यातलं मूल ‘छान रुळलं’ असं परिचारिकांना वाटे. आई आली की तेच मूल परक्या बाईकडे पाहावं तसं पाही. प्रेम संपलं म्हणून मूल तसं वागत नव्हतं. पुन्हा तुटण्याच्या भीतीने ते स्वतःला जपत होतं. रुग्णालयातली ताटातूट दिवसांची, फार तर आठवड्यांची असे. आपण ज्या मुलांबद्दल बोलतोय त्यांची वर्षांची असते, आणि तिच्यात दोन घरांतलं वैर मिसळलेलं असतं. आईच्या मांडीवर बसणं म्हणजे आजीशी बेइमानी, हे सहा वर्षांच्या मुलालाही कोणी न सांगता कळतं.

पढवण्याचा प्रश्न खराच आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आठ वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण होतं. ती दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून बापाकडे होती. इतकी वर्षं आईपासून दूर राहिल्यावर मुलीला बापाकडेच राहायचं असणार, पण तेवढ्यावरून आईला तिच्यापासून वंचित ठेवता येणार नाही, आईच्या सहवासाचा अनुभव तिला मिळायलाच हवा, असं न्यायालयाने मानलं आणि ताबा आईकडे दिला. त्या निकालात मुलाचं मन एका पालकाविरुद्ध वळवण्याच्या ‘सिंड्रोम’चा उल्लेख आहे. तिथे तो आईच्या बाजूने वापरला गेला, तरी हे नाव जपून वापरावं असं मला वाटतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ साली मांडलेली ही कल्पना वैद्यकीय निदान म्हणून मान्य झालेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांवरील हिंसाचारविषयक विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनी २०२३च्या अहवालात इशाराच दिला की, हिंसेची तक्रार करणाऱ्या आयांनाच ‘पढवणारी’ ठरवून त्यांची मुलं काढून घेण्यासाठी हे हत्यार अनेक देशांत वापरलं जातं. म्हणून लेबलापेक्षा वागणूक पाहावी: फोन उचलला जातो का, शाळेच्या कार्यक्रमाची तारीख कळवली जाते का, भेटीच्या दिवशीच दर वेळी ताप कसा येतो.

‘मुलालाच नको असेल तर जबरदस्ती का?’ हा सर्वांत वजनदार आक्षेप. समजण्याइतकं मोठं असेल तर मुलाचं मत विचारात घ्यावं, असं १८९०चा कायदाही सांगतो. पंधरा वर्षांच्या मुलीला फरपटत भेटीला आणण्यात काही अर्थ नाही. पण मुलाचं मत विचारात घेणं आणि निर्णयाचं ओझं मुलावर टाकणं यांत फरक आहे. सात वर्षांचं मूल ‘नको’ म्हणतं तेव्हा ते भेटीच्या आदल्या रात्रीच्या घरातल्या ताणाला, कोर्टाच्या इमारतीला, आईच्या रडण्याला नको म्हणत असू शकतं. त्यातलं काय टाळता येईल ते आधी टाळून पाहावं. एवढं करूनही नकार टिकला तर थांबावं. पत्र, वाढदिवसाचा फोन एवढा धागा ठेवावा आणि वाट पाहावी. मोठी झालेली मुलं पुढे स्वतःहून आईला शोधत येतात. शोधत आल्यावर दार उघडं सापडायला हवं.

दोन तासांचं काम

मग या दोन तासांत करायचं काय? मुलांसोबत काम करणाऱ्या अनुभवी समुपदेशकांचं सांगणं फार साधं असतं, आणि ते पाळणं फार कठीण. पहिली भेट मुलाशी नसावी, आईशी असावी. काय विचारायचं नाही हे तिला आधी कळायला हवं: ‘माझ्याकडे येशील ना?’, ‘बाबा माझ्याबद्दल काय म्हणतात?’, ‘मला विसरलास का?’ या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देताना मुलाला कोणाला तरी दुखवावं लागतं. तिच्या आठवणीतलं मूल तीन वर्षांचं आहे, समोर आलेलं सहा वर्षांचं आहे. त्याचा आवडता डबा, खेळ, शिक्षक सगळं बदललंय. ज्या मुलाला ती भेटतेय त्याची तिला नव्याने ओळख करून घ्यायची आहे.

दुसरं, हाताला काम हवं. समोरासमोर बसून बोलणं मोठ्यांनाही अवघड जातं. शेजारी बसून काही करताना बोलणं आपसूक येतं. दिवाळीच्या सुमारास भेटी असतील तर आकाशकंदील हे उत्तम काम. बांबूच्या काड्या, दोरा, पतंगाचे कागद, वाटीभर खळ. सांगाडा बांधायला चार हात लागतात: एकाने काड्या धरायच्या, दुसऱ्याने दोरा आवळायचा. पहिल्या शनिवारी सांगाडा, तिसऱ्या शनिवारी कागद, पुढच्या खेपेला शेपट्या. कंदील एका भेटीत पुरा होत नाही हाच त्याचा मोठा गुण. अर्धवट राहिलेलं काम मुलाला पुढच्या भेटीचं कारण देतं, आणि ‘ते हिरवं लावायचं का लाल’ हा आईशी महिन्याभरात झालेला पहिला बिनभीतीचा वाद ठरतो. डब्यातल्या गुळपोळीपेक्षा त्या वादाने नातं जास्त पुढे सरकतं.

तिसरं, नेम. महिन्यातून एकदा पूर्ण दिवसापेक्षा दर आठवड्याला दोन तास बरे, आणि दोन तासांच्या जोडीला रोजचा फोन बरा. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, विशेष कारण नसेल तर ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं. व्हिडिओ कॉलमुळे हे आता सांगली-सॅनहोजे अंतरावरही शक्य आहे; परदेशात फाटलेल्या मराठी संसारांत कित्येक मुलं अशीच अर्ध्या जगापलीकडे असतात. पण आदेशात वेळ नेमकी लिहिलेली नसेल तर ‘आत्ता झोपलाय’, ‘क्लासला गेलाय’ यातच महिना जातो. चांगल्या आदेशात रोजची वेळ असते, फोन कोणाचा ते असतं, मूल कोणी आणून सोडायचं, कुठल्या फाटकावर, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं हे असतं. शाळेने आईला निकालपत्र दाखवावं, पालकसभेला बसू द्यावं हेही लिहिलेलं असतं, कारण नसेल तर मुख्याध्यापक घाबरतात आणि दारातूनच परत पाठवतात. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं बंधनकारक आहे. ते नाव जिचं आहे, तिला मुलाच्या वर्गाची पायरी चढता यावी ही पुढची वाजवी मागणी.

चौथं, पायऱ्या. कोर्टाच्या खोलीतून बागेत, बागेतून दिवसभरासाठी घरी, मग एक मुक्काम, मग सुट्टीचा अर्धा भाग. प्रत्येक पायरी आधीची पक्की झाल्यावरच चढायची. अधीर झालेली आई थेट मुक्कामाचा अर्ज टाकते, मूल अपरात्री रडतं, बाप तो प्रसंग कोर्टात मांडतो आणि गाडी पुन्हा खोलीतल्या घसरगुंडीपाशी येते. इथेच मध्यस्थ माणसाची किंमत कळते. आदेश मोडला तर कायद्यात दरखास्त टाकण्याची सोय आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार जप्ती होऊ शकते, अटकसुद्धा होऊ शकते. पण ज्या आईच्या दरखास्तीमुळे बापाला पोलिसांनी नेलं, तिच्या शेजारी बसून मूल कंदील करेल का? कायद्याचं सर्वांत धारदार साधन नात्याच्या सर्वांत कमी उपयोगाचं असतं. ते हाताशी असावं, पण त्याच्या आधी कोणीतरी बापाशी बोलणारं असावं, आजीची भीती ऐकून घेणारं असावं. नातू कायमचा जाईल ही आजीची भीती खोटी नसते. ती शमली तर आत्याच्या ओढणीमागून मूल लवकर बाहेर येतं.

आणखी दोन आक्षेप

पहिला: ‘आईनंच मुलाला मारलं असेल, टाकून दिलं असेल, दारूच्या पायी हाल केले असतील तर?’ अशा आया आहेत, आणि त्यांच्या बाबतीत मुलाची सुरक्षितता आधी. पण इथेही आधाराचं उत्तर आधार न देण्यापेक्षा बरं आहे. देखरेखीखालची भेट हीच मुळी अशा प्रसंगांसाठी आहे: उपचार सुरू आहेत का ते पाहून, तिसऱ्या माणसाच्या उपस्थितीत, थोडा वेळ. कारागृहांचं उदाहरण इथे बोलकं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या निर्देशांनुसार कैदी आईजवळ मूल सहा वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं, त्यानंतर त्याला बाहेर जावं लागतं. बाहेर गेलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या कारागृहांत ‘गळाभेट’ हा उपक्रम झाला: मधे जाळी नाही, काच नाही, मूल आईला बिलगू शकतं. शिक्षा भोगणाऱ्या बाईलाही मुलाचा स्पर्श हवा आणि मुलाला तिचा, हे राज्याने मान्य केलं. ज्यांनी कुठलाच गुन्हा केलेला नाही त्या आयांच्या भेटींची तितकीच काळजी घ्यायला हवी.

दुसरा: ‘बापांचं काय? ताबा नसलेले बाप तर कितीतरी जास्त.’ खरं आहे, आणि वर सांगितलेलं जवळपास सगळं त्यांनाही लागू आहे. विधी आयोगाने मे २०१५च्या आपल्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणावा अशी शिफारस केली, ती दोघांच्या हिताची आहे. आईबद्दल वेगळं बोलावं लागतं ते दोन कारणांनी. तिच्या माथी जो कलंक बसतो तो बापाच्या माथी बसत नाही. आणि तिच्या हाती पैसा, जागा, गाडी, वकील हे सगळं बहुधा कमी असतं. आयांसाठी बांधलेला आधार बापांना पुरेल. उलट होईलच असं नाही.

तालुक्याच्या गावात काय

१९८४च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकांची सोय केली आणि महाराष्ट्रात १९८९ पासून अशी न्यायालयं सुरू झाली. पण कायद्याचा रोख निकालाआधीच्या समेटावर आहे: दोघांना बसवा, बोलतं करा, जमलं तर संसार वाचवा. निकालानंतर मुलावर देखरेखीला वाव असला, तरी नव्या अर्जांच्या रांगेत समुपदेशकाला जुन्या मुलांकडे वळायला उसंत मिळत नाही. शिवाय ही न्यायालयं सगळीकडे नाहीत. जिथे नाहीत तिथे प्रकरण जिल्हा न्यायालयात चालतं, भेटीसाठी खोली नसते, आणि आई-मुलाची गाठ व्हरांड्यात, वकिलाच्या ऑफिसात, एसटी स्टँडवर पडते. शाळेतल्या ओळखीची मुलं तिथून जाताना पाहिली की मूल लाजून आणखी दूर सरकतं.

यासाठी नवी इमारत लागत नाही. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकापासून स्वयंसेवक चर्चच्या सभागृहांत, सामाजिक केंद्रांत शनिवारी अशी संपर्क केंद्रं चालवत आले आहेत: चार खेळणी, चहा, आणि दोन्ही बाजूंना न ओळखणारी दोन-तीन शांत माणसं. आपल्याकडे शनिवारी दुपारी रिकामी शाळा आहे, सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग आहे. माणसंही आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आज राज्यभर पोलीस ठाण्यांत काम करतो. तिथल्या समाजकार्यकर्त्यांना मोडलेली घरं नवी नाहीत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो. हे १९८७च्या कायद्यात आहे आणि गावोगाव अजून माहीत नाही. निवृत्त शिक्षिका, अंगणवाडी सेविका, मानसशास्त्राचे विद्यार्थी यांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि भेटीच्या आदेशात ‘अमुक केंद्रात, अमुक व्यक्तीच्या मदतीने, सहा महिने’ एवढी एक ओळ न्यायाधीशांनी घातली, तर बदल सुरू होईल. सहा महिन्यांनी त्या व्यक्तीने कोर्टाला कळवावं की मूल आणि आई कुठल्या पायरीवर आहेत. मग पुढची पायरी उलटतपासणीतून ठरणार नाही, पाहिलेल्यावरून ठरेल.

यात खर्च आहे, माणसांचा वेळ आहे. पण आधार न देण्याचाही खर्च आहे. तो आपण मोजत नाही एवढंच. तो मूल भरतं, कारण अर्ध्या आयुष्याबद्दल गप्प राहायला ते फार लवकर शिकतं. तो आई भरते. आणि ज्याच्याकडे मूल आहे तो बापही भरतो, कारण ज्या मुलाला आईचा राग धरायला शिकवलं जातं ते पुढे त्याचाच हिशेब मागतं. ताबा कोणाला, याचं उत्तर न्यायालयाने द्यावं; त्याला दुसरा मार्ग नाही. पण त्या उत्तरानंतर मुलाची आई त्याच्या आयुष्यात राहील कशी, हा प्रश्न शाळेचा आहे, शेजाऱ्यांचा आहे, आजीचा आहे, सरकारचा आहे. निकालपत्राच्या शेवटच्या पानानंतर कोणीतरी तिच्यासोबत चालायला हवं, आणि ते माणूस नेमणं हे उपकाराचं काम नसून न्यायाचाच उरलेला भाग आहे.